पडेल का, पेटेल का, पळता येईल का?

स्टॉल मिळाला म्हणून अभिनंदन करायला फोन केला, तर तुझा आवाज अगदी बारीक झालेला! बघ गं, मला कळलंय काय झालंय ते. आयोजकांनी व्हॉट्सॲपवर नियमांची पुस्तिका पाठवलीय, पानामागून पानं इंग्रजीत, आणि त्यात लोड, फायर, स्ट्रक्चर, एनओसी असले शब्द. सीताफळाचा गर तयार आहे, येसर दळून झालाय, शेंगदाण्याची चटणी पाकिटात भरलीय. मालाची तुला काळजी नाही, आणि नसावीच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे धारूर-बालाघाटच्या डोंगरातलं फळ घेऊन कुठंही ताठ मानेनं उभं राहावं. घाबरवलंय तुला ते त्या दहा बाय दहाच्या जागेनं.

तर आधी पाणी पी, आणि मग शांतपणे ऐक. खरं सांगू का, ती पुस्तिका कितीही जाड असली तरी तिच्यातला प्रत्येक नियम तीनच प्रश्न विचारतो. हे पडेल का? हे पेटेल का? आणि काही झालंच तर माणसांना पळता येईल का? एवढे तीन प्रश्न डोक्यात ठेवून पुस्तिका वाचायला घे. जो नियम उगाच त्रास द्यायला लिहिलाय असं वाटेल, तोही या तिन्हींपैकी एका प्रश्नाचं उत्तर असतो. दुसरी गोष्ट अशी, की ही उत्तरं गावातच तयार ठेवायची. मैदानावर पोचल्यावर ती शोधायला वेळ नसतो, सामान नसतं, आणि ओळखीचा सुतारही नसतो.

सगळ्यात आधी एक फरक समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. तुला तयार स्टॉल मिळालाय की मोकळी जागा? राज्याच्या 'उमेद' अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर आपल्या गटांना मिळतात ते तयार स्टॉल. दिल्लीत प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबरला व्यापार मेळा भरतो, तिथंही सरसचे स्टॉल बहुतेक तयारच असतात. ॲल्युमिनियमचे खांब, मध्ये पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग. याला ऑक्टानॉर्मचा स्टॉल म्हणतात. तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल, आणि उंची साधारण अडीच मीटर. इथं तुझं काम थोडं असतं, फक्त जे मिळालंय त्यावर जादा भार टाकायचा नाही.

मोकळी जागा मिळाली असेल, म्हणजे जमिनीवर नुसती रेघ मारून देतात ती, तर तिथं भिंत, पाटी, दिवे, फरशी सगळं तुझं. मग नकाशा लागतो, साहित्याचे दाखले लागतात, वायरमनची सही लागते, आणि बांधकाम उंच किंवा दुमजली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. तुझी शेतकरी उत्पादक कंपनी नवीन आहे, पहिल्यांदाच मोठ्या हॉलमध्ये चाललीय. माझं ऐक, पहिल्या खेपेला तयार स्टॉलच घे. मोकळ्या जागेचं भाडं दिसायला कमी दिसतं, पण बांधणीचा खर्च वेगळा बसतो. पुढच्या वर्षी कर काय दिमाख करायचा तो.

आता पहिला प्रश्न, पडेल का?

तयार स्टॉलच्या पॅनेलला खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, हे जवळपास प्रत्येक पुस्तिकेत असतं. पॅनेल खराब झालं तर अनामत रकमेतून पैसे कापतात हे खरं, पण खरी अडचण निराळी आहे. हे पॅनेल म्हणजे भिंत नाही. ते खांबांच्या खाचेत बसवलेले पातळ तक्ते असतात आणि शेजारच्या दोन-तीन स्टॉलना मिळून एकच रांग असते. तू तुझ्या बाजूनं गोधड्यांचा गठ्ठा टेकवलास तर पलीकडच्या बाईच्या बरण्या हलतात. म्हणून पॅनेलला काही टेकवायचं नाही. टांगायचं असेल तर वरच्या पट्टीला अडकणारे एस-हुक आणि बारीक साखळी घरूनच घेऊन जा.

फळीचं वजन आपण मनात धरतच नाही. अर्ध्या किलोच्या लोणच्याची काचेची बरणी भरल्यावर पाऊण किलोच्या वर जाते. एका फळीवर वीस बरण्या मांडल्या की झाले पंधरा-सोळा किलो, आणि अशा चार फळ्या म्हणजे साठ किलोच्या पुढं. फळीला किती वजन चालतं हे आयोजकाला आधी विचार. तोवर आपली उतरंड असते तशी मांडणी कर, जड खाली आणि हलकं वर. काच खालच्या फळीवर, पापड-कुरडयांची पाकिटं वर. वर जागा रिकामी दिसते म्हणून तिथं जड बरणी चढवायची नाही. गिऱ्हाइकाचं लेकरू फळीला लोंबकळतं, हे लक्षात ठेवून मांड.

मैदानावरचा स्टॉल असेल तर वारा मध्ये येतो. बघ, हा हिशेब इंजिनिअर लोक करतात, पण तुलाही जमेल. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याला त्यानंच गुणायचं आणि मग ०.६ नं गुणायचं. आलेला आकडा म्हणजे एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. वारा ताशी ६० किलोमीटर असेल तर सेकंदाला जवळजवळ १६.७ मीटर. हिशेब केला की एका चौरस मीटरवर साधारण १६७ न्यूटन, म्हणजे १७ किलोचा रेटा येतो. तुझा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स साडेसात चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे त्याच्यावर सव्वाशे किलोचा रेटा! आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी जो वारा सुटतो, तो तर तू पाहिलेलाच आहेस. सव्वाशे किलोचं कुणी दोन बांबूंना सुतळीनं बांधेल का? मग फ्लेक्सही तसा बांधू नकोस.

घाटकोपरची गोष्ट तुला आठवत असेल. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, फलक होता १२० बाय १२० चा. उंची आणि रुंदी दोन्ही तिप्पट, म्हणजे वारा अडवणारं अंग नऊपट. उंचीची मर्यादा का लिहितात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. म्हणून पाटी लहान ठेव, तिला मागून तिरका आधार दे, पायाशी वाळूची पोती बांध, आणि वारा वाढला तर ती कोण उतरवणार हे आधीच ठरवून ठेव. पाटी उतरवली म्हणून विक्री बुडत नाही गं. धपाट्याचा वास पाटीपेक्षा लांब जातो.

दुसरा प्रश्न मोठा आहे, पेटेल का?

इथं मी तुला एक जड गोष्ट सांगणार आहे, पण ती माहीत असायलाच हवी. १० एप्रिल २००६ ला मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये घरगुती उपकरणांचं प्रदर्शन होतं. शेवटचा दिवस, गर्दी भरपूर, आणि स्टॉल होते कापडी मंडपांत. आग लागली आणि ६५ माणसं गेली. घरची माणसं, बायका-पोरं, फ्रिज-टीव्ही बघायला आलेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के ठेवली. मंडप कंत्राटदारानं उभारला होता, आमचा काय दोष, हे आयोजकांचं म्हणणं न्यायालयानं मानलं नाही. आता कळलं ना, आयोजक तुझ्याकडून पानापानावर सह्या का घेतो ते? आणि तूही तुझ्या मंडपवाल्यावर किंवा सुतारावर सगळं सोपवून मोकळी होऊ शकत नाहीस. काम त्याचं असलं तरी स्टॉल तुझ्या नावावर आहे.

म्हणून कापडापासून सुरुवात कर. आपल्याला झालर, पडदे, नऊवारीची सजावट सगळं आवडतं. पण पॉलिस्टर, नायलॉन, थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं बंदिस्त हॉलमध्ये नेऊच नकोस. हे नुसतं जळत नाही, वितळून अंगावर थेंब पडतात आणि धूर काळा, घुसमटवणारा होतो. सुती कापड, ज्यूट आणि आपली जुन्या लुगड्यांची गोधडी सुंदर दिसते, फक्त तिच्यावर अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यावी लागते. मंडपांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ८७५८ नावाचं मानक आहे. अग्निशमन खातं मंडपाच्या कापडासाठी जे द्रावण सुचवतं ते असं: वजनानं ४ भाग अमोनियम सल्फेट, २ भाग अमोनियम कार्बोनेट, १ भाग बोरॅक्स, १ भाग बोरिक ॲसिड, २ भाग तुरटी आणि ३५ भाग पाणी. कापड त्यात भिजवून वाळवायचं. हातमोजे घाल, मोकळ्या हवेत कर, आणि हे लक्षात ठेव, की कापड धुतलं किंवा पावसात भिजलं की गुण निघून जातो, प्रक्रिया पुन्हा करावी लागते. मोठ्या हॉलमध्ये मात्र घरच्या द्रावणावर भागत नाही, तिथं प्रमाणित कापडाचा दाखला मागतात. तो कापडवाल्याकडून बिलासोबतच घेऊन ठेव.

तालुक्याच्या ठिकाणी, अंबाजोगाईला किंवा परळीला मंडपात प्रदर्शन असेल, तर त्याच मानकातल्या चार गोष्टी तू स्वतः डोळ्यांनी तपासू शकतेस. मंडपाचं छत जमिनीपासून किमान ३ मीटर उंच हवं. कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर नकोत. डोक्यावरून विजेची चालू तार जाता कामा नये. आणि सबस्टेशन, भट्टी, चिमणी, रेल्वेमार्ग यांपासून मंडप किमान १५ मीटर लांब हवा. डीपीच्या बुडाशी सावली बरी आहे म्हणून कुणी स्टॉल टाकला, तर तिथून हल म्हणून सांग. ऑगस्ट २०२४ मध्ये परळीत राज्यस्तरीय कृषी महोत्सव झाला, म्हणजे अशी मोठी प्रदर्शनं आता आपल्या दारातही भरतात. ही तपासायची नजर मुंबईपुरती ठेवायची नाही.

आता वीज. बघ, इथं कागद-पेन्सिल घेऊन बस. तुझ्याकडं काय काय आहे? चाखायला गरम देण्यासाठी इंडक्शनची शेगडी, २००० वॅट. मिक्सर ७५०. सीताफळाच्या गराचा डीप फ्रीझर, धर ३००. दिवे २५०. बेरीज ३३०० वॅट. याला २३० व्होल्टनं भाग, साधारण १४ अँपियर येतात. तयार स्टॉलमधल्या बारीक ६ अँपियरच्या प्लगवर हे चालणारच नाही, आणि १६ चा प्लगही काठोकाठ भरतो, त्यात फ्रीझर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो. म्हणजे जादा भार आधीच मागून घ्यायचा. पुस्तिकेत जादा विजेचा एक फॉर्म असतो, त्याची मुदत असते, आणि मुदतीनंतर दर वाढतात. तो फॉर्म या आठवड्यात भर. एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं एक्स्टेंशन खोचायची सवय घरी असेल तर घरीही सोड. इथं तर तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा तेच उपटून टाकतो.

फ्रीझरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती तुझ्या मालाच्या जिवाची आहे. प्रदर्शन संपलं की रात्री बहुतेक ठिकाणी स्टॉलची वीज बंद करतात. गर उणे १८ अंशांच्या खाली राहिला पाहिजे, नाहीतर सकाळी काळा पडलेला मिळेल. चोवीस तास वीज वेगळी मागावी लागते, वेगळे पैसे भरावे लागतात. ती मिळत नसेल तर गर बाहेर शीतगृहात ठेवून रोज थोडा आणायची सोय कर. पण रात्री कुणाच्या तरी तारेवरून चोरून वीज घेऊ असं गटातलं कुणी सुचवलं, तर तिथंच थांबव. माणसं नसलेल्या हॉलमध्ये रात्रभर तापणारी वायर कुणाच्या लक्षातही येत नाही.

वायर स्वतःची नेणार असशील तर तीन कोरची, आयएसआय छापाची घे, जोड नसलेली, अर्थिंगसकट. शेगडी-फ्रीझरला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते, दिव्यांची बारीक वायर तिथं चालत नाही. आणि आयोजकाला विचार, बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी आहे का? एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या हातानं फ्रीझर उघडणाऱ्या बाईला दुसऱ्याचीच गरज जास्त.

गॅस म्हटलं की आपल्या बायकांचा जीव वर-खाली होतो, कारण भाकरी इंडक्शनवर नीट होत नाही. खरंय. पण बंदिस्त हॉलमध्ये सिलेंडरला परवानगी जवळपास कुठंच मिळत नाही, त्यावर वाद घालू नकोस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, टेबलाखाली जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. मैदानातल्या खाद्य विभागात परवानगी असेल तर व्यावसायिक १९ किलोचं सिलेंडर ने. घरचं १४.२ किलोचं लाल सिलेंडर धंद्याला चालत नाही. सिलेंडर उभं, मागच्या बाजूला उघड्या हवेत, ऊन लागणार नाही असं. नळी आयएसआयची, नवीन. साबणाच्या पाण्याचा फेस लावून जोड तपासायचा, काडी लावून कधीच नाही. भरलेलं जादाचं सिलेंडर स्टॉलमध्ये साठवायचं नाही. तळणीजवळ जी उभी राहणार तिनं सुती साडी नेसायची आणि पदर कमरेला घट्ट खोचायचा. सजून उभं राहायचं ते पुढच्या टेबलाशी.

आग विझवायचं लाल नळकांडं, एबीसी पावडरचं, स्टॉलमध्ये हवंच. त्यावरच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघ, आणि मुदत वाच. मग गटाच्या बैठकीत सगळ्यांना हातात घ्यायला लाव. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची, आडवं फिरवत जायचं. ते काही सेकंदच चालतं, म्हणून ज्वाळांच्या शेंड्यावर वाया घालवायचं नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच नाही, गॅस बंद आणि वर झाकण. विजेच्या आगीवरही पाणी नाही, आधी मेन स्विच. आणि आग कमरेच्या वर गेली की नळकांडं टाकून बाहेर. माल परत होतो. अग्निशमन दल १०१, आणि ११२ सगळ्यासाठी. हे आकडे टेबलाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटव.

तिसरा प्रश्न, पळता येईल का? या प्रश्नाला पैसे लागत नाहीत आणि तरी तोच सगळ्यात जास्त मोडला जातो.

स्टॉलच्या पुढची वाट ही कुणाच्याच मालकीची नसते. तिच्यात एक वीतभरही टेबल सरकवायचं नाही, क्रेट ठेवायचं नाही, खुर्ची टाकून बसायचं नाही. दुपारी गर्दी कमी असताना ती रुंद वाटते. संध्याकाळी दिवे गेले आणि दोनशे माणसं एका बाजूला धावली, तर तुझं ते एक क्रेट कुणाच्या तरी पायात येतं. मोकळी खोकी स्टॉलच्या मागं कोंबायची सवयही घातक. तिथं विजेचा बोर्ड असतो, आग विझवायच्या नळाची पेटी असते, कधी बाहेर पडायचं दार असतं. रिकामी खोकी रोज संध्याकाळी बाहेर गेली पाहिजेत, हे काम एकीच्या नावावर लाव.

मोकळ्या वाटेनं काय होतं ते मुंबईनं पाहिलंय. १४ फेब्रुवारी २०१६ ला गिरगाव चौपाटीवर मेक इन इंडिया सप्ताहातला 'महाराष्ट्र रजनी' कार्यक्रम चालू असताना व्यासपीठाला आग लागली. एवढं मोठं व्यासपीठ डोळ्यांदेखत जळून गेलं, पण एकही माणूस दगावलं नाही. जागा उघडी होती आणि लोकांना वेळेत बाहेर काढलं गेलं. जळायचं ते जळेल, माणूस बाहेर निघाला पाहिजे, सगळ्या पुस्तिकेचा जीव एवढ्यात आहे.

फरशी उंच करणार असशील तर कडेला रंगीत पट्टी लाव, ठेच लागते. दहा सेंटिमीटर उंचीला किमान १२० सेंटिमीटर लांब उतार दे, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आणि गुडघे दुखणारी आजी दोघंही वर येतील. गालिचा टोकापर्यंत चिकटव. एवढं केलंस की हा प्रश्नही सुटला.

आता मी सांगते तसं कर. झेडपीच्या शाळेच्या मैदानावर किंवा देवळापुढं फक्की मारून तीन बाय तीन मीटरचा चौकोन आख. त्यात टेबल मांड, फ्रीझरच्या मापाचं खोकं ठेव, क्रेट रचून बघ, आणि तुमच्यातल्या ज्या चौघी जाणार त्यांना आत उभं कर. मग एकीला सांग, दिवे गेलेत असं समज आणि बाहेर ये. कुठं अडखळली ते बघ आणि तिथलं सामान कमी कर. तू निम्मा माल परत घरी पाठवशील, मला खात्री आहे. दर दोन तासांनी मागून भरता येतो गं माल, सगळा पहिल्याच दिवशी अंगावर मांडायची गरज नसते. मग त्याच चौकोनाचा कागदावर नकाशा काढ. वरून कसा दिसतो, समोरून कसा दिसतो, मापं मीटरमध्ये, आणि प्लग कुठं हवा तिथं फुली. नकाशा काढायला गावातल्या आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या पोरीला बसव, दोन तासांचं काम आहे. तयार स्टॉलला तेवढं पुरतं. मोकळ्या जागेला मात्र इंजिनिअरची सही लागते, तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

हा नकाशा आयोजकाला पाठव आणि प्रश्न लिहून विचार. उंचीची मर्यादा किती? फळीला वजन किती चालतं? वीज किती, रात्री राहते का? शिजवायला परवानगी आहे का, कशावर? कापडाचा दाखला कोणता हवा? तपासणी किती वाजता? फोनवर 'ताई, चालतंय, काही अडचण नाही' असं म्हणतील. तू गोड बोलून म्हण, दादा, एवढं मेसेजवर लिहून द्या. तोंडी होकार देणारा माणूस तपासणीच्या दिवशी रजेवर असू शकतो, लिहिलेलं तुझ्या हातात असतं. इंग्रजी अडत असेल तर 'उमेद'च्या तालुका कक्षात जा, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे 'माविम'च्या लोकसंचलित साधन केंद्रात जा, ती माणसं त्यासाठीच आहेत. विचारणं म्हणजे अडाणीपणा नाही. हॉलच्या इंजिनिअरला न विचारणाऱ्यांचीच धास्ती जास्त असते.

उभारणीच्या दिवसाचं थोडं सांगते. हॉलमध्ये तेव्हा ट्रक येत असतात, डोक्यावर दिवे टांगत असतात. चप्पल नको, बंद बूट. डोक्याला हेल्मेट मागतात, तयारी ठेव. लहान लेकरांना आत सोडत नाहीत, म्हणून सोबत न्यायचं असेल तर सांभाळायला कुणीतरी बाहेर हवं. शिडीवर एक चढली की दुसरीनं धरायची. रंगकाम, करवत, वेल्डिंग आत करू देत नाहीत, म्हणून सगळं गावी कापून, रंगवून, वाळवून न्यायचं आणि तिथं फक्त नटबोल्ट आवळायचे. उभारणी रात्री चालते, तेव्हा चौघी एकत्र राहा, पास गळ्यात, मुक्कामाचा पत्ता प्रत्येकीकडं लिहिलेला. रात्री उशिरा एकटीनं सामान आणायला जायचं नाही, हा नियम पुस्तिकेत नसतो, माझा आहे.

आणि शेवटच्या दिवशी घाई करू नकोस. गाडी गाठायची असते, सगळे एकदम काढायला लागतात, अपघात तेव्हाच होतात. आधी मेन स्विच बंद, मग दिवे, मग वरच्या फळ्या, मग खालच्या. सिलेंडर असेल तर ते या सगळ्याच्याही आधी बाहेर. जागा झाडून स्वच्छ कर, रिकाम्या स्टॉलचा फोटो काढ, हॉलच्या माणसाची सही घे, म्हणजे अनामत रक्कम पूर्ण परत मिळते.

बघ, आता मोजून सांग, यात तुला न जमणारं काय आहे? वजनाचा अंदाज तुला आहे, विस्तवाची जरब तुला आहे, चार बायकांची कामं वाटून द्यायची हातोटी तर तुझ्याइतकी कुणाला नाही. बँकेच्या साहेबापुढं कर्जाचा हिशेब मांडणारी बाई तू, हॉलच्या इंजिनिअरपुढं वॅटचा हिशेब मांडायला घाबरशील होय? परवाच्या बैठकीत पहिला विषय हाच घे. विजेचा फॉर्म एकीकडं, कापडाचा दाखला दुसरीकडं, नळकांडं तिसरीकडं, आणि नकाशा तुझ्याकडं. परत आल्यावर तो नकाशा, ते मेसेज आणि ते फोटो एका फायलीत लावून प्रभाग संघात ठेव. पुढच्या वर्षी आष्टीतला नाहीतर पाटोद्यातला एखादा नवा गट निघेल, त्यांना कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागू नये.